तांबड्या बटणावरचा अंगठा

दुकान चालवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी एक वाक्य सापडतं, जे गिऱ्हाइकाला ऐकवलं की ते गप्प होतं. शिंप्याकडे ते असतं, डॉक्टरांकडे असतं. माझ्याकडेही होतं. 'फोन चांगला आहे, तुमच्या बोटाचा दोष आहे.' हे वाक्य मी मालवणच्या बाजारात इतक्या लोकांना ऐकवलं आहे, की माझ्यामुळे किती चांगली, कामसू, निरपराध बोटं बदनाम झाली असतील याचा विचार आला की आजही घास अडकतो. माझा स्वभावच तसा. रिमझिम पावसात गिऱ्हाईक छत्री विसरून गेलं तरी मला वाटतं, आपणच आठवण करायला हवी होती.

दुकानाच्या पाटीवर अजून 'घड्याळ दुरुस्ती' असंच लिहिलेलं आहे. अठ्ठ्याण्णव सालापर्यंत मी तेवढंच करत असे. डोळ्याला भिंग लावून मोहरीएवढे स्क्रू काढायचे आणि मोहरीएवढे स्क्रू परत बसवायचे. मग कोपऱ्यात एक फोनचा बूथ घातला. पुढे मोबाईल आले, बूथ गेला, आणि लोकांनी वेळ मोबाईलवर बघायला सुरुवात केल्यावर घड्याळंही हळूहळू थांबली. दुरुस्तीला आलेली आणि परत न नेलेली घड्याळं मी एका काचेच्या कपाटात टांगून ठेवली आहेत. त्यांच्यातल्या कोणत्याही दोघांचं एकमेकांशी पटत नाही. पोटापाण्यासाठी मी मोबाईल दुरुस्ती शिकलो. हात बारीक कामाला सरावलेला होता, म्हणून जमलं.

बटणांच्या फोनचं एक बरं होतं. बटणाला उंचवटा असतो, तो बोटाला लागतो, दाबलं की टक् होतं. दर्यावर जाणारी माणसं न बघता गाठी मारतात, तशीच ती न बघता नंबर लावत. माझ्याकडे फोन यायचे ते खारं पाणी शिरलेले. उघडायचे, ब्रशने मीठ काढायचं, वाळवायचे, द्यायचे. त्यात कुणाच्या बोटाचा अपमान होत नसे.

मग दोन हजार सात-आठच्या सुमाराला ते बिनबटणांचे, काचेचे स्वस्त फोन आले. आमच्याकडे सगळे त्यांना 'टच' म्हणायचे. ज्यांना या फोनची आठवण नाही त्यांच्यासाठी सांगतो. काच म्हणायची, पण वर असायचा तो प्लास्टिकचा पातळ पडदा. त्याखाली जराशी फट आणि फटीखाली दुसरा पडदा. वरून दाबलं की वरचा पडदा खालच्याला टेकतो आणि कुठे टेकला ते फोनला कळतं. बोटाने दाबा, नखाने दाबा, आगपेटीच्या काडीने दाबा, त्याला काही फरक पडत नाही. अडचण एवढीच, की आगपेटीपेक्षा जराशा मोठ्या त्या जागेत करणाऱ्याने सगळी अक्षरं, सगळे आकडे आणि शंभर चित्रं तीळ पेरल्यासारखी पेरलेली. चित्र तिळाएवढं आणि दाबणारं बोट वल्हं मारणाऱ्याचं! बोट खाली आलं की चित्र झाकलं जातं, आणि मग कोणत्या तिळावर आपण बसलो आहोत हे ना माणसाला कळतं, ना फोनला. फोन आपला अंदाज करतो आणि भलतंच काहीतरी उघडतो.

सोबत एक प्लास्टिकची काडी मिळायची. फोनच्या पाठीला तिच्यासाठी बीळ असे. घेतल्याच्या आठवड्यात ती काडी हरवायची. काही जण दात कोरायला वापरायचे आणि मग पुन्हा फोनला लावायचे, ते बघून मी नजर दुसरीकडे वळवत असे.

त्या दिवसांत गावात करंगळीचं नख वाढवलेल्या लोकांना एकाएकी मान आला. बाजारातल्या पानवाल्याचं नख तर चांगलं लांब आणि टोकदार होतं. नाक्यावर माणसं त्याच्यापुढे फोन धरून उभी असायची. "जरा ह्यो नंबर लाव रे." तो चुन्याचं बोट पुसायचा, करंगळी उचलायचा आणि पेटीवाल्याच्या ऐटीत नंबर लावायचा. पान घेतलं तरच नंबर, असा त्याचा नियम होता. माझ्या दुकानात लोक येत ते त्यानंतर, पडद्यावरचा चुना काढायला.

तारकर्लीला पाहुण्यांसाठी खोल्या ठेवणारा बाबी म्हणून एक गृहस्थ होता. त्याच्या पाठीवर गळू झालं. कणकवलीच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, फोटो पाठव. बायकोने फोटो काढला. नावांच्या यादीत प्रत्येक नावापुढे एक बारीक चौकोन होता, त्यात खूण करायची. सगळ्यात वरचा चौकोन होता 'सर्व' म्हणून, आणि डॉक्टरांचं नाव त्याच्या लगेच खाली. बाबीचा अंगठा खाली टेकला तो 'सर्व'वर. दिवाळीच्या सुट्टीसाठी ज्यांनी ज्यांनी खोल्या सांगून ठेवल्या होत्या, त्या सर्वांना बाबीच्या पाठीचं जवळून दर्शन घडलं. कोल्हापूरच्या एका बाईंनी कांदा भाजून बांधायला सांगितलं. पुण्याच्या एकांनी विचारलं, हे तुमच्याकडच्या पाण्यामुळे होतं का?

बाबी दुकानात येऊन फोन आपटायच्या बेतात होता. "ह्येका काय डोळे आसत का नाय? मी डाक्टरचो दाबलंय!"

मी फोन पुसला, दाबून बघितला आणि म्हटलं, "बाबी, फोन चांगलो आसा. तुझ्या बोटाचो दोष."

तो बिचारा स्वतःचा अंगठा बघत बघत बाहेर गेला. त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. कारण दोष बोटाचा नव्हता. बोटं जशी असायची तशीच होती. ज्याने त्या जागेत ते चौकोन कोंबले त्याने मालवणचं बोट कधी बघितलं नव्हतं. पण त्याला कुठे शोधणार? तो हजारो मैलांवर, आणि बाबी समोर. मग बाबीलाच धरला.

आता येसूकाकीकडे येतो, कारण खरी गोष्ट तिची आहे.

येसूकाकी मासळी बाजारात बसायची. गोरी, ठेंगणी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा, की बाजाराच्या एका टोकाला तिने भाव सांगितला की दुसऱ्या टोकाचं गिऱ्हाईक पिशवी उघडत असे. तिचा नवरा म्हणजे तांडेल. बोटीचा म्होरक्या तो तांडेल. त्याचं नाव बायकोनेही कधी घेतलं नाही आणि गावानेही नाही. त्यांना एकच मुलगा, नंदू. बोट, जाळी, सगळं त्याच्यासाठी म्हणून तांडेल राबला, आणि नंदू एके दिवशी मस्कतला नोकरीला निघून गेला. तांडेलाने तेव्हापासून त्याच्याशी बोलणं टाकलं. घरच्या फोनवर नंदूचा आवाज आला की तांडेल रिसीव्हर खाली ठेवायचा. आई घरात असेल तरी तिला द्यायचा नाही. शेवटी नंदूने गावी येणाऱ्या कुणाच्या तरी हाती आईसाठी एक टच फोन पाठवला. आईचा आपला, कुणी मध्ये न येणारा. तिकडे शुक्रवारी सुट्टी. म्हणून तो शुक्रवारी दुपारी करणार.

पहिल्या शुक्रवारी फोन वाजला आणि येसूकाकीने तो कापला. दुसऱ्या शुक्रवारीही कापला. तिसऱ्या शुक्रवारी नंदूने पुन्हा पुन्हा केला आणि तिने प्रत्येक वेळी कापला. मग बाजारातून तशीच, हाताला खवले चिकटलेले, माझ्या दुकानात आली.

"बघ रे ह्येका. हिरवा दाबतंय, नि तांबडा लागता. झिलाक वाटात, बापसानच ह्यो फोनव घेतल्यान. आता तो करूचोच बंद झालो तर मी काय करू?"

मी बघितलं. फोन आला की पडद्याच्या तळाशी दोन चित्रं यायची. डावीकडे हिरवा रिसीव्हर म्हणजे घ्या, उजवीकडे तांबडा म्हणजे कापा. दोन्ही चिंचोक्याएवढी आणि एकमेकांना खेटून. येसूकाकीचा उजवा अंगठा पूर्वी कधीतरी सुरमईचे तुकडे करताना कोयत्याखाली आला होता. तो वाकडाच जुळला, उजवीकडे कलून. आणि एका डोळ्यात मोतीबिंदू उतरत असल्यामुळे ती फोन समोर न धरता जरा बाजूला धरून तिरकं बघायची. जाड पडद्यातून तिरकं बघितलं की चित्र असतं तिथे दिसत नाही. या सगळ्याचा मेळ होऊन ती नेम धरायची हिरव्यावर आणि अंगठा पडायचा बरोबर तांबड्यावर. एकदाही चुकायचा नाही.

तरीही सवयीने माझ्या तोंडून गेलंच. "काकी, फोन चांगलो आसा. तुमच्या बोटाचो..."

"माझ्या बोटाक काय्येक सांगा नको!" ती म्हणाली. "ह्या बोटान सोललेला सुंगट तुझ्या बापाशीन खाल्ल्यान हा." सुंगट म्हणजे कोलंबी.

मी काडी दिली. ती काडी दुसऱ्याच दिवशी बांगड्यांच्या वाट्यात गेली. कशावरून म्हणाल, तर बँकेतले एक कारकून ती घेऊन माझ्याकडे आले. गंभीर चेहऱ्याने त्यांनी ती काउंटरवर ठेवली आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "हे आमच्या बांगड्याच्या पोटातून निघालं. आपल्या व्यवसायाशी संबंधित वाटलं." मी त्यांचे आभार मानले. बांगड्याच्या पोटात नव्हतीच ती, पिशवीच्या तळाशी असणार. पण ते आयुष्यभर असंच सांगत राहिले, आणि मीही कधी खोडून काढलं नाही.

येसूकाकीने मग स्वतःच उपाय काढला. कुर्लीच्या, म्हणजे खेकड्याच्या, वाळलेल्या पायाचं टोक तिने तांबड्या दोऱ्याने फोनला बांधलं. कंपनीच्या काडीपेक्षा ते टोक सरस होतं, हे मी अनुभवाने सांगतो. टोकदार, हलकं, मोडलं तर दुसरं तयार. पण फोन वाजला की तो कमरेच्या पिशवीतून काढायचा, दोऱ्याचा गुंता सोडवायचा, कुर्लीचा पाय चिमटीत धरायचा, तोवर मस्कतचा माणूस दमून जायचा. शिवाय बाजारातल्या मांजरी फोनच्या मागे लागल्या. वाजलेला फोन घ्यायचा तर अंगठाच हवा होता.

त्या फोनांत एक सोय होती. पडदा सरकला, चुकू लागला तर त्याला पुन्हा शिकवता येत असे. चार कोपऱ्यांत आणि मध्ये एकेक बारीक फुली उगवायची. तिच्यावर नेमकं दाबायचं. मग फोन समजायचा, अच्छा, याने इथे दाबलं म्हणजे याच्या मनात ती जागा असते. हे काम दुकानदाराने करायचं असतं, नीट समोर धरून, काडीने, श्वास रोखून. घड्याळातला काटा बसवताना धरतात तसा हात धरून. मी ते शेकडो फोनांना केलं होतं. येसूकाकीच्या फोनलाही मी दोनदा केलं आणि तिने दोन्ही वेळा तो कापला.

मग एके दिवशी फुल्या पडद्यावर असतानाच मी फोन तिच्या हातात दिला. का दिला, सांगता येत नाही. थकलो होतो, दुसरं काय.

"काकी, तुमीच दाबा. तुमच्या रीतीन धरा, तुमच्या रीतीन बघा. फुलयेवर दाबा."

"बरोबर पडात ना?"

"पडाचा तसा पडांदे."

तिने फोन कुशीकडे धरला, मान वाकडी केली, आणि पाचही फुल्यांवर आपला कलता अंगठा ठेवला. पाचही ठिकाणी तो उजवीकडे पडला, आणि पाचही ठिकाणी सारखाच पडला. कुठे कमी, कुठे जास्त चुकली असती तर फोनने नाकारलं असतं. सगळीकडे सारखंच चुकल्यावर त्याने मुकाट मान्य केलं. मी माझ्या फोनवरून तिला फोन लावला. तिने हिरव्यावर नेम धरला, अंगठा पडला तांबड्यावर, आणि फोन लागला.

"हॅलो!" ती माझ्यासमोर उभी राहून माझ्याच कानात ओरडली. मग हसायला लागली आणि हसता हसता पदराने डोळे पुसायला लागली. पुढच्या शुक्रवारी नंदूशी ती भर बाजारात इतकं बोलली, की मांजरींनी अर्धी पाटी संपवली.

मी मात्र काळजीत. कारण तो फोन आता तिचा सोडून कुणाचाच राहिला नव्हता. मी स्वतः सरळ नजरेने, सरळ बोटाने दाबायला गेलो तर जिथे दाबू त्याच्या डावीकडचं उघडायचं. हे काम बरोबर की चूक? ओळखीच्या सगळ्या बोटांना वाकडं ठरवून एका वाकड्या बोटाला सरळ ठरवणारा मी कोण? असले विचार मला सुचतात.

"काकी, ह्यो फोन आता दुसऱ्या कोणाच्या हातात देव नकात."

"कोण घेता? घोव तर तेका हातव लावीत नाय."

घोवाने, म्हणजे तांडेलाने, हात लावला तो पावसाळ्याच्या तोंडावर. बोटी किनाऱ्याला ओढलेल्या, मासळी थोडी, आणि सगळी माणसं तांडेलाच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, जाळी दुरुस्त करत बसलेली. शुक्रवारी दुपारी तांडेल दुकानाच्या पायऱ्या चढला. उंचापुरा माणूस, एका गुडघ्यात वात, त्यामुळे पायरी चढताना दाराची चौकट धरायचा. त्याच्या हातात येसूकाकीचा फोन होता. उंदराला शेपटीने धरावं तसा त्याने तो धरला होता.

"ह्यो कोणी बिघडवल्यान?"

"कित्याक? काय झाला, तांडेलानू?"

"काय झाला? ती बाजारात गेली, ह्यो घरात ठेवन. मेलो वाजाक लागलो. मी म्हटलंय कापूया. तांबडा म्हणजे कापूचा, इतक्या माका समाजता. तांबडा दाबलंय, तर लागलो!"

माझ्या लक्षात आलं. त्याचा अंगठा सरळ होता, नजर तर दर्यावरची, पार क्षितिजापर्यंत साफ. तो दाबणार बरोबर तांबड्यावर, आणि येसूकाकीच्या रीतीने शिकलेला फोन समजणार, याला हिरवं हवंय.

"मगे?"

"मगे परत दाबलंय कापूक. तर वरडाकच लागलो!"

तेही बरोबरच होतं. बोलणं चालू असताना तांबड्याच्या डावीकडे आवाज मोठा करण्याचं चित्र असतं.

"सगळे खळ्यात जाळा शिवीत हुते," तांडेल म्हणाला. "सगळ्यांनी आयकला."

"काय आयकला?"

तो कपाटातल्या घड्याळांकडे बघत राहिला. "तो इचारी हुतो. आये, बाबांचो गुडघो कसो आसा. तेल धाडलेलंय ता लायतत काय."

"मगे तुमी काय सांगलात?"

"काय सांगतलंय? तो 'आये, आये' करता, नि ह्ये सगळे मेले माझ्या तोंडाकडे बघतत. बरो आसा म्हटलंय." मग एकदम आवाज चढवून, "बोलूचा म्हणान नाय बोललंय! कापूक गेललंय! तू ह्यो सरळ कर. आत्ताच्या आत्ता."

सरळ करणं माझ्या हातात होतं. काडी घ्यायची, पाच फुल्या, संपलं. तांबडं पुन्हा तांबडं झालं असतं. पण मग येसूकाकीचा अंगठा पुन्हा कापायला लागला असता. आणि दुसरंही एक होतं. जो माणूस माझ्यासमोर एवढा तापला होता, त्याने फोन फेकून दिला नव्हता. दुखऱ्या गुडघ्याने तो बाजारापर्यंत जपून आणला होता.

मी फोन घेतला, पुसला, उलटासुलटा केला, भिंग लावून बघितल्यासारखं केलं, आणि जन्मभर ज्याची लाज वाटली ते वाक्य मुद्दाम, समजून उमजून बोललो.

"तांडेलानू, फोन चांगलो आसा. तुमच्या बोटाचो दोष."

"माझ्या बोटाचो?"

"आंगठो जाड आसा तुमचो. तांबड्यावर दाबल्यार हिरव्यारव पडता."

त्याने अंगठा उताणा धरून बघितला, जणू इतकी वर्षं सुकाणूवर ठेवलेला हा आपलाच का, हे तपासत होता. मला वाटलं, आता हा मला काउंटरवरून बाहेर ओढणार. पण तो म्हणाला, "म्हणजे ह्येका इलाज नाय?"

"नाय."

"कापूक गेलंय तरी लागतलोच?"

"लागतलोच."

"बरा," तांडेल म्हणाला, आणि फोन सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवून, चौकट धरून पायऱ्या उतरला.

पुढच्या शुक्रवारी मी मासळी बाजारात गेलो. येसूकाकी पेडवे विकत बसली होती. कमरेची पिशवी सपाट.

"फोन खंय, काकी?"

"चार्जिंगाक लावन इलंय."

"आज शुक्रवार. झिलाचो फोन इलो तर?"

"इलो तर कापतत ते," ती म्हणाली, आणि पेडव्यांवर पाणी मारलं. तिच्या तोंडावर काही म्हणजे काही नव्हतं. पण तिने माझ्या पिशवीत न सांगता एक वाटा जास्त टाकला.

त्यानंतर त्या फोनला दर शुक्रवारी दुपारीच चार्जिंग लागायचं. जाळी शिवणारे येता जाता मला बातम्या द्यायचे. तांडेल फोन वाजला की मोठ्याने म्हणतो, "इलो मेलो, कापतंय आता," आणि सगळ्यांदेखत ठासून तांबडं दाबतो. मग 'लागलोच मरे' म्हणत खळ्याच्या दुसऱ्या टोकाला जातो. तिथे तो बराच वेळ उभा असतो. दर वेळी कापायलाच जातो हो. अंगठाच जाड, त्याला तो काय करणार!

माझी अवस्था मात्र विचित्र. मी खोटं बोललो होतो, आणि ते खोटं दर आठवड्याला गोड फळ देत होतं. खोट्याची लाज वाटावी की फळाचा आनंद व्हावा, हे मला ठरवता येईना. देवळात गेलो की घंटा जरा हळू वाजवायचो.

दोन हजार दहाच्या सुमाराला नवे फोन दिसू लागले, ते वेगळ्याच जातीचे. खरी काच. दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं, आणि फक्त माणसाची कातडी ओळखणार. काडी नको, नख नको, कुर्लीचा पाय तर नकोच. पानवाल्याची करंगळी एका हंगामात उतरली. चित्रं मोठी झाली, आणि फुल्यांची गरजच राहिली नाही, कारण त्या फोनांना काही शिकवता येत नाही. ते शिकूनच येतात.

नंदूने आईसाठी तसा एक पाठवला. एका शुक्रवारी सकाळ सरता सरता तांडेल दोन्ही फोन घेऊन दुकानात आला. जुन्याची बॅटरी फुगून झाकण उचललं गेलं होतं आणि पडद्याचा डावा भाग मेला होता.

"ह्यो बरो करून दी," तो म्हणाला. "तिका नवो बरो पडता. मोठी चित्रां, लांब लांब. तिच्या बोटाक येता. माका जुनोच होयो."

"तांडेलानू, ह्येचे पडदे आता खंयच गावनत नाय. ह्यो गेलो."

"गेलो?"

"गेलो."

तो बाकावर बसला. नवा फोन त्याने मांडीवर ठेवला. मग मान खाली घालून म्हणाला, "ह्येच्यात तांबडा दाबल्यार?"

"कापता."

"खरोच?"

"खरोच कापता."

"माझो आंगठो जाड आसा तरी?"

त्याच्या डोळ्यांत बघवेना. "तरी," म्हटलं.

आणि तेवढ्यात त्याच्या मांडीवर फोन वाजायला लागला. पडद्यावर नंदूचा फोटो, टोपी घातलेला, हसरा. खाली एका टोकाला हिरवं, दुसऱ्या टोकाला तांबडं, दोन्ही गोट्यांसारखी मोठी, आणि मध्ये वीतभर वाटावी अशी मोकळी जागा. चुकायला वावच नाही. तांडेल त्या फोनकडे बघत होता आणि फोन वाजत होता.

"तू थंय बघ," तो मला म्हणाला.

"खंय?"

"घड्याळांकडे बघ मरे!"

मी पाठ फिरवली. कपाटातली घड्याळं आपापली वेळ दाखवत होती. फोन वाजतच होता. मग थांबला, आणि माझ्या पाठीमागे घसा खाकरल्याचा आवाज आला.

"हां. मीच आसंय." मग, "गुडघो? तसोच आसा. तू कधी येतलंस ता सांग."

तांडेलाने सांगितलं होतं घड्याळांकडे बघ, आणि मी घड्याळांकडेच बघत होतो. आता घड्याळांच्या कपाटाला काच आहे आणि त्या काचेत मागचं सगळं दिसतं. त्यात, फोन अजून वाजत होता तेव्हा, मला असं दिसलं होतं, की त्याचा अंगठा सवयीने तांबड्यापर्यंत गेला, तिथे जरा अधांतरी राहिला, आणि मग सगळी मोकळी जागा ओलांडून हळूहळू हिरव्याकडे आला. खिळा ठोकावा तसा त्याने तो तिथे दाबला. नुसता टेकवला असता तरी चाललं असतं.

हे मी बघायला नको होतं. तांडेलाला आजपर्यंत सांगितलेलं नाही.